लुव्हेनिया गेन्सचं गाणं

डेट्रॉइट
४ नोव्हेंबर १९७३

प्रिय आत्या,

माउंट नेबो चर्चचं पत्र एकदाचं पोचलं. सिस्टर रूबीला तीन ओळी लिहायला दोन महिने लागले! 'डेल्फीन टेट ही आमची चांगल्या वर्तनाची सभासद असून तिला आम्ही प्रेमाने मोकळं करत आहोत.' मोकळं करत आहोत म्हणे! मी ऑगस्टातच बस धरून अलाबामातून निघाले होते, हे रूबीबाईंच्या लक्षात आलेलं दिसत नाही. असो. त्या कागदावर इथल्या न्यू केनन चर्चनं गेल्या रविवारी मला रीतसर आपलं म्हटलं, सगळ्यांनी रांगेनं येऊन हात हातात घेतला, आणि मी लगेच क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांच्या ताफ्यात, नाव दिलं.

हा क्वायर म्हणजे साठ माणसं. आपले नेबोचे अकरा, आणि त्यातल्या तिघांना ऐकू येत नाही. इथे ऑर्गन आहे, पियानो आहे, ढोल आहेत. झगे गडद तांबडे, कॉलर पांढरी. शिकवणारे मिस्टर होझिया व्हिटलो. कागद नाही, वही नाही. एक ओळ वरच्या आवाजाच्या बायकांना गाऊन दाखवतात, मग तीच वेगळ्या चालीत आल्टोंना, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांना, मग पुरुषांना. ज्याला तिसऱ्यांदा सांगावं लागलं त्याची बिनपाण्यानं होते.

माझी पहिल्याच दिवशी झाली. गाताना सगळी रांग डावीकडे झुलली आणि मी उजवीकडे. शेजारच्या बाईंचा चष्मा खाली पडला. व्हिटलो म्हणाले, "सिस्टर टेट, अलाबामात डावी बाजू दुसरीकडे असते का?" साठच्या साठ हसले. वर मला आल्टोंच्या तिसऱ्या रांगेत ढकललं. मी, जी नेबोला सगळ्यात वर गायची!

ते म्हणतात मी स्वराला सरळ पोचत नाही, वळसे घेत जाते. गावाकडची सवय. पण आत्या, तू पण तशीच जातेस, आणि तू गायलीस की माणसं उठून उभी राहतात. मला तुझं ते धरून ठेवणं शिकव. कारखान्यात दिवसभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, मशीनच्या आवाजात खुशाल मोठ्यानं सराव करता येतो.

तुझी,
डेल्फीन

*

माउंट नेबो
१८ नोव्हेंबर १९७३

डेल्फीन पोरी,

तुला आल्टोत बसवलं ते बरं केलं त्या माणसानं. तू जन्मलीस तेव्हा रडलीससुद्धा खालच्या पट्टीत. सुईण म्हणाली होती, हा मुलगाच असणार. इथे तू वर गायचीस, कारण वर गायला दुसरं कुणी नव्हतं. तिसरी रांग काही वाईट नाही. तिथून सगळं दिसतं आणि तुझ्याकडे कुणी बघत नाही.

आता शिकवणी. पाय जमिनीत रोव, गुडघे मात्र सैल ठेव, नाहीतर चक्कर येऊन पडशील आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बायका वारा घालत बसतील. समोरचा एक माणूस निवड, आणि त्याला गाऊन दाखवायच्या भानगडीत न पडता फक्त सांग. बाकीचे आपोआप ऐकतात. लोक "सावकाश घे, बाई, सावकाश" असं ओरडले की घाई करायची नाही. ते तुझ्या श्वासासाठी जागा करून देत असतात. आणि वळसे सोडू नकोस. सरळ रस्ता मोटारींसाठी असतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव, कारण शहरात ही रीत पाळतात की नाही मला ठाऊक नाही. ज्याचं गाणं त्याचं. तो जिवंत असेपर्यंत दुसऱ्यानं उचलायचं नाही. चर्चचे कारभारी डीकन पर्नेल पाय मोडून पडले होते तेव्हा क्लिओटिसनं त्यांचं गाणं चर्चमध्ये म्हटलं होतं, आठवतं? पुढच्या रविवारी चौघांनी डीकनना खुर्चीसकट उचलून आत आणलं. ते नुसते क्लिओटिसकडे बघत बसले. तो बिचारा आपलं चर्च सोडून मेथॉडिस्ट झाला.

इथे सगळं जसंच्या तसं. या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझा घसा पार बसला होता. चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर पर्नेलनी तरी पहिल्या बाकावरून काठी आपटलीच. "लुव्हेनिया, ते दे." ते म्हणजे माझं गाणं, हे आता सांगावं लागत नाही. बसलेल्या घशानं दिलं. रडले सगळे नेहमीसारखे, मग अंगणात जाऊन कोंबडी खाल्ली.

थंडीचे जाड मोजे घाल.

तुझी आत्या,
लुव्हेनिया गेन्स

*

डेट्रॉइट
२० जानेवारी १९७४

प्रिय आत्या,

बस खाली आणि मग वाच. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमच्या क्वायरचा वाढदिवस आहे, बाहेरून सात चर्चेस येणार, आणि त्यात एक गाणं मी पुढे होऊन म्हणायचं आहे! झालं असं की तालमीत मी तुझे वळसे घेतले. व्हिटलोंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मला वाटलं, आलं आता पायताण. तर म्हणाले, "हे कुठून आणलंत?" मी म्हटलं, घरून.

गाणं त्यांनी स्वतः बांधलेलं आहे, नवीन. शब्दच शब्द. धाप लागते. रोज व्हिटलो म्हणतात, "शब्द पाठ आहेत, पण तुम्ही त्यात नाही आहात." आता मी कुठे असावं?

म्हणून विचारते. तुझ्या 'थांब जरा'मध्ये पहिली ओळ तू एका श्वासात ओढतेस, 'थांब जरा, अजून थांब जरा', तेव्हा श्वास नक्की कुठे घेतेस? मधे चोरून घेतेस की आधीच भरून ठेवतेस? आणि शेवटी आवाज फाटल्यासारखा करतेस तो कसा? मी मशीनवर करून बघते, पण जमत नाही. फक्त शिकण्यासाठी विचारते हो. मला मेथॉडिस्ट व्हायचं नाही.

डेल्फीन

*

माउंट नेबो
२ फेब्रुवारी १९७४

डेल्फीन,

श्वास पोटात भर, खांदे उचलू नकोस. नव्या गाण्याचे शब्द रोज भांडी घासताना म्हण, म्हणजे जिभेवर बसतील.

माझं ते गाणं शिकू नकोस. सरावालाही नको, मशीनवरही नको. दुसरं काहीही घे. कारण विचारू नकोस.

उद्या पहिला रविवार आहे. मला इस्त्री करायची आहे.

आत्या

*

डेट्रॉइट
३ मार्च १९७४

प्रिय आत्या,

तुझं पत्र फारच तोडून टाकल्यासारखं होतं. मी काही तुझं हिसकावून घेणार नव्हते. असो, मी रागावलेली नाही.

वाढदिवस थाटात झाला. टोप्या बघायला हव्या होत्यास! एका बाईंच्या टोपीवर अख्खा पक्षी होता, त्यांच्या मागच्या माणसाला पास्टर दिसेनात. जेवणाला तळलेला मासा, पालेभाजी, रताळ्याचा केक. मक्याच्या पावात मात्र हे लोक साखर घालतात, देवा रे. मी गायले. एक जुनंच काहीतरी झालं शेवटी. लोकांना बरं वाटलं.

सोबत हातमोजे पाठवते, खऱ्या कातड्याचे. तुझ्या मापाचे आहेत.

व्हिटलो तुला नमस्कार सांगतात. पत्र लवकर लिही.

डेल्फीन

*

डेट्रॉइट
७ एप्रिल १९७४

प्रिय आत्या,

पाच आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. म्हणजे तुला कळलंय. मी सरळ सांगते, मग तू काय ते म्हण.

त्या दिवशी मी पुढे झाले आणि व्हिटलोंच्या गाण्याचा एक शब्द आठवेना. ऑर्गनवाला सुरुवात वाजवून थांबला, पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. सात चर्चेस समोर. कुणीतरी म्हातारी ओरडली, "सावकाश घे, बाळ, सावकाश." मग सगळेच म्हणायला लागले. तू सांगितलंस तसा एक माणूस निवडला, पण मला तिथे तूच दिसत होतीस, नेबोच्या चर्चमधल्या पुढच्या टेबलाजवळ उभी. आणि तोंडातून निघालं, 'थांब जरा.'

व्हिटलोंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विरघळून जावं. पण दुसऱ्या ओळीला त्यांनी हात उचलला, आणि साठ माणसांनी तीन आवाजांत ते उचललं, कुणी न शिकवता. आत्या, तसं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बायका उभ्या राहिल्या, एकजण बाकांमधून धावत सुटली, वारा घालणाऱ्या पुऱ्या पडेनात. मी गातच राहिले. खरं सांगते, मला थांबायचं नव्हतं.

आता दर रविवारी तेच मागतात. सकाळची प्रार्थना रेडिओवर जाते, त्यातही तेच. मी पहिल्या रांगेत आले. मी तुला त्याच वेळी लिहायला हवं होतं, पण भ्याले. हातमोजे पाठवले. लाच होती ती.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मदर पर्नेलची मुलगी इडेला चर्चच्या दारात उभी होती. ती इथेच राहते हे मी विसरूनच गेले होते. माझा हात न धरता म्हणाली, "डेल्फीन, मला कुणी कळवलंच नाही. तुझी आत्या कधी वारली?"

तू मला काय वाटेल ते बोल, पण बोल.

डेल्फीन

*

माउंट नेबो
२१ एप्रिल १९७४

डेल्फीन पोरी,

मी वारले नाही. इडेलाच्या फोननंतर मदर पर्नेल एक्क्याऐंशीव्या वर्षी काठी टेकत खात्री करायला आल्या होत्या. मी कोबी चिरत होते. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं, एवढं चालून आल्या होत्या.

मग चर्चची सभा भरली. आयत्या बिळावर नागोबा, असं तुला सगळ्यांसमोर म्हटलं. रूबी म्हणाली, तुझं सभासदत्वाचं पत्र परत मागवा. पास्टर नवा आहे, सगळ्यांकडे बघून मान हलवत होता. शेवटी ठराव झाला की गाणं कुणाचं आहे हे जगाला दिसलं पाहिजे. म्हणून आता महिन्यातून एकदा नाही, दर रविवारी मी ते म्हणते. तू तिकडे, मी इकडे. माझी बाजू घेतली म्हणून सगळे माझ्या पाठीवर थाप मारतात.

पाच आठवडे मी तुझ्यावर रागावले होते असं तुला वाटलं. रागावले नव्हते. इडेलाचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटले. कुणीतरी घेऊन गेलं. मग ठराव झाला आणि मला पत्र लिहायचं बळच राहिलं नाही.

तुला कारण विचारू नकोस म्हटलं होतं. आता सांगते. तुझ्या वयाच्या कुणालाच इथे ते ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते बोलत नाहीत.

तुला माहीत आहे की माझी लेक ओपल सात वर्षांची असताना गेली. सप्टेंबर सत्तेचाळीस. ताप होता. डॉक्टरकडच्या काळ्या लोकांसाठीच्या मागच्या दाराशी तिला मांडीवर घेऊन बसले होते, समोरचे गोरे पेशंट संपेपर्यंत. नर्स दोनदा येऊन म्हणाली, थांबा जरा. आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

चर्चमध्ये तिची शवपेटी पुढच्या टेबलासमोर ठेवली होती. प्रार्थना झाली, अंत्यविधी करणारे मिस्टर टिब्ज झाकण लावायला पुढे आले. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "थांबा जरा. अजून थांबा जरा." गाणं नव्हतं ते. मी त्या माणसाशी बोलत होते. पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. आणि कोपऱ्यातल्या बाकावरून डीकन पर्नेलनी माझे शब्द घेतले आणि लांब ओढून हुंकारात धरले. मग बायकांनी धरले. मी म्हणत होते, ते उत्तर देत होते. मला उभं ठेवण्यासाठी केलं त्यांनी ते. ते मला कळतं. दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? सगळं चर्च हललं. मला हातमोज्यांवाल्यांनी तोंड फिरवून बाकावर बसवलं, वारा घातला, आणि मी मान वळवली तेव्हा झाकण लागलेलं होतं.

पुढच्या महिन्यात मदर पर्नेल म्हणाल्या, "लुव्हेनिया, ते दे. देवानं त्या दिवशी तुला दिलं, ते आम्हाला दे." मी दिलं. कुणाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, चोवीस तास त्यांनीच माझ्या घरात चूल पेटवली होती. मग पुढची कडवी जोडली गेली, नदीची, प्रभूची. ती मी जोडलेली नाहीत. माझा नवरा होरेस पुढच्या वर्षी शिकागोला गेला आणि परत आला नाही. तो तरी जाऊ शकला.

सव्वीस वर्षं झाली, पोरी. तू विचारलंस, आवाज शेवटी फाटल्यासारखा कसा करते. करत नाही. दर वेळी मी तिथेच उभी असते, पेटी उघडी असते. समोर सगळ्यांच्या हातात ते पुठ्ठ्याचे पंखे, आणि प्रत्येक पंख्यावर मोठ्या अक्षरात 'टिब्ज अंत्यविधी सेवा'. लोक म्हणतात, सावकाश घे. किती सावकाश घेऊ?

हातमोजे छान आहेत. लाच असली तरी बोटं गरम राहतात.

आत्या

*

डेट्रॉइट
१२ मे १९७४

माझी आत्या,

तुझं पत्र मी कारखान्याच्या जेवणघरात वाचलं, आणि मग मशीनवर जाऊन एका कव्हराच्या तिन्ही शिवणी उलट्या घातल्या. मी रेडिओवर ओपलच्या पेटीसमोर उभी राहून टाळ्या घेतल्या. हे मला कुणी सांगायला हवं होतं. तू सांगायला हवं होतंस. नाही, मी विचारलं होतं आणि तू नको म्हणाली होतीस, तेवढं पुरेसं असायला हवं होतं.

मी व्हिटलोंना सांगितलं की मला आता ते म्हणता येणार नाही. ते म्हणाले, "गाणं देवाचं असतं, सिस्टर टेट, आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्याची रेकॉर्ड होणार आहे." मग हळूच म्हणाले की मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी म्हणेल, क्वायरला आता पाठच आहे. ते खरं आहे. साठ माणसांना मीच शिकवून ठेवलंय. तरी काल तालमीत म्हणताना माझा आवाज शेवटी फाटला, आणि सगळ्यांना फार आवडलं.

पण मला एक सुचलंय. रीत अशीही आहे ना, की गाण्याचा मालक सगळ्यांसमोर ते दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो? ऑगस्टात नेबोला घरी परतण्याचा रविवार असतो, बाहेर गेलेली माणसं सगळीकडून येतात. मी येते. तू माझा हात धर आणि सांग, आजपासून हे डेल्फीनचं. मग मदर पर्नेल काठी मोडेपर्यंत आपटू देत, तुला कुणी मागू शकणार नाही. माझं व्हायचं ते होवो. मी तरुण आहे.

डेल्फीन

*

माउंट नेबो
१६ जून १९७४

डेल्फीन,

तुझं पत्र आल्यावर पंधरा दिवस मी हवेत होते. खोटं कशाला बोलू? रूबीला म्हटलंसुद्धा की कार्यक्रमपत्रिकेत जागा ठेव. ठरलं होतं माझं.

मग गेल्या रविवारी म्हणत असताना माझ्या जागी तू दिसलीस. माझ्यासारखी चोपन्न वर्षांची, गुडघे दुखतायत, आणि पहिल्या बाकावरची कुणी म्हातारी तुला म्हणतेय, "डेल्फीन, ते दे." दोरी एका गळ्यातून काढून दुसऱ्या गळ्यात घातली तर ती सुटली असं होत नाही. आणि माझ्या मुलीला मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, तुझ्यासुद्धा.

येऊ नकोस. हे रागानं लिहीत नाही. तू आलीस तर मी देऊन टाकीन, एवढी मी थकले आहे.

आत्या

*

माउंट नेबो
१२ ऑगस्ट १९७४

डेल्फीन पोरी,

काल घरी परतण्याचा रविवार झाला. चर्च गच्च भरलं होतं, खिडक्यांबाहेर माणसं, उकाडा असा की पंखे नुसते फडफडत होते. मी पांढरा पोशाख घातला होता. तुझे हातमोजे घालायचे होते, पण ऑगस्टात कातड्याचे मोजे घालून गेले असते तर डोकं फिरलं म्हणाले असते.

प्रवचनानंतर मदर पर्नेलनी काठी आपटली. "लुव्हेनिया, ते दे. दूरदूरचे लोक आलेत." मी टेबलाजवळ गेले. पेटी ठेवली होती तीच जागा. मी ठरवून काही गेले नव्हते, पोरी. डोक्यात एवढंच होतं की आज म्हणायचं नाही म्हणून सांगावं. पण शेकडो माणसं बघत होती आणि तोंड उघडलं तर तेच निघालं. सव्वीस वर्षांची सवय.

मी म्हटलं ते. बाया उठल्या, हुंकार धरला, जोडलेल्या कडव्यांकडे सगळे निघाले. आणि मी कडव्याकडे गेलेच नाही. थांबले. ते दोन ओळी पुढे जाऊन अडखळले आणि गप्प झाले. कुणीतरी म्हणालं, "सावकाश घे, सिस्टर." मी तिसऱ्या बाकाकडे बघितलं. मिस्टर टिब्ज तिथे बसतात, आता त्यांना दोन काठ्या लागतात. मी त्यांना म्हटलं, "मिस्टर टिब्ज, झालं माझं थांबणं. आता लावा."

ज्यांना माहीत होतं त्यांनी खाली बघितलं. ज्यांना माहीत नव्हतं ते शेजाऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, बाई, आता तुला वेडी ठरवणार.

मिस्टर टिब्ज उठले. त्यांच्या मुलानं दंड धरला तो त्यांनी झटकला. पुढे यायला त्यांना एवढा वेळ लागला की मी दोनदा रडून घेतलं. जवळ आले आणि म्हणाले, "मी तेव्हाच लावलं होतं, लुव्हेनिया. तुझं तोंड फिरवलेलं होतं म्हणून घाईनं लावलं. तुला दाखवायला हवं होतं." मग म्हणाले, "आता बघ."

त्यांनी दोन्ही काठ्या मुलाकडे दिल्या. दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवून हलकेच दाबले. मग एका कोपऱ्याशी जाऊन बोटांनी स्क्रू पिळतात तसं पिळलं. दुसऱ्या कोपऱ्याशी गेले. तिसऱ्या. चौथ्याशी जाताना मी त्यांचं कोपर धरलं. मी बघत होते. ह्या वेळी मला कुणी फिरवलं नाही.

"लावलं," ते म्हणाले.

मदर पर्नेलनी हातातला पंखा, टिब्जचं नाव खाली जाईल असा, उलटा करून मांडीवर ठेवला. मग रूबीनं, मग एकेक करत सगळ्यांनी. मी बाकावर परतले तेव्हा मदर पर्नेल एवढंच म्हणाल्या, "पोरी, आम्ही तुला मागत राहिलो." मी म्हटलं, "हो, मागत राहिलात." माफ केलं असं मी म्हटलं नाही. अजून ठाऊक नाही.

घरी येऊन मक्याचा पाव ताकात चुरून खाल्ला आणि भर दुपारी झोपले.

गाणं संपलं, डेल्फीन. ते कुणाचंच नाही आता. तुझ्या व्हिटलोंना काय सांगायचं ते तूच ठरव.

आत्या

*

डेट्रॉइट
२६ ऑगस्ट १९७४

प्रिय आत्या,

काल रेकॉर्डवाले यंत्रं घेऊन आले होते. माझ्यापुढे माईक होता. मी व्हिटलोंना आणि सगळ्या क्वायरला तुझं पत्र वाचून दाखवलं, मिस्टर टिब्जच्या चार कोपऱ्यांपर्यंत. मधेच रडू आलं तर शेजारच्या चष्म्यावाल्या बाईंनी पुढचं वाचलं. साठ माणसांना पाठ असलेलं गाणं मी कसं काढून घेणार होते? पण वाचून झाल्यावर ते म्हणायला कुणीच तयार होईना. मग व्हिटलोंनी आपलं ते शब्दच शब्दवालं नवीन गाणं लावलं, आणि ते दुसऱ्याच मुलीला दिलं. माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी पुन्हा आल्टोंच्या तिसऱ्या रांगेत आहे. इथून खरंच सगळं दिसतं.

तू ये. नोव्हेंबरात ये, सुट्टी असते. सिस्टर रूबीकडून पत्रबित्र आणू नकोस, पाहुणी म्हणून ये. पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगावं असं इथे म्हणतात, तेव्हा तू उठू नकोस. तू कोण ते मी कुणाला सांगणार नाही. चष्म्यावाल्या बाईंनाही बजावून ठेवलंय.

मागच्या बाकावर भिंतीशी टेकून बस आणि आम्ही गातो ते ऐक. तुला कुणी हाक मारणार नाही.

तुझी,
डेल्फीन